ॲडमिरल रॅमसे : व्याख्यानाच्या तयारीच्या नोंदी

१४ जून २०२५

वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेसाठी विषय कळवला: ॲडमिरल सर बर्ट्रम रॅमसे, ब्रिटिश नौदल. दीड तास बोलायचं, नकाशे पडद्यावर दाखवायचे. समितीतल्या एकांनी विचारलं, “माउंटबॅटन घ्या ना, लोकांना नाव तरी ठाऊक आहे.” नाव ठाऊक नाही म्हणूनच रॅमसे घ्यायचा, असं मी सांगितलं. डंकर्क सगळ्यांनी ऐकलंय, नॉर्मंडीही. १९४० साली सैन्य समुद्रावरून परत आणणारा आणि १९४४ साली समुद्रावरून ते पुन्हा तिकडे नेणारा माणूस एकच होता, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. मॉन्टगोमेरी, आयसेनहॉवर, कनिंगहॅम यांनी युद्धानंतर आठवणी लिहिल्या. रॅमसेला ते युद्धानंतरचे दिवस मिळालेच नाहीत.

नकाशे भाचा काढून देणार आहे. त्याची एकच अट: “मावशी, प्रत्येक नकाशात काय दाखवायचं नाही ते आधी सांग.” अट चांगली आहे.

१९ जून

सुरुवातीचा भाग. जन्म २० जानेवारी १८८३, हॅम्प्टन कोर्ट पॅलेस. वडील घोडदळातले, चौथ्या हुसार्स पलटणीचे. पुढे ते तिचे कमांडिंग ऑफिसर झाले आणि बंगळुरूच्या छावणीत त्यांच्या हाताखाली विन्स्टन चर्चिल नावाचा तरुण सेकंड लेफ्टनंट होता. ही पलटण १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईला उतरली. ससून डॉकच्या पायऱ्यांवर उतरताना होडी हेलकावली, चर्चिलनं भिंतीतली लोखंडी कडी धरली आणि त्याचा खांदा निखळला. ते दुखणं त्याला जन्मभर पुरलं. मग पुण्याला विश्रांतीचा तळ आणि तिथून बंगळुरू. आपल्या श्रोत्यांसाठी ही वाट ओळखीची आहे, म्हणून दोन मिनिटं देते. जास्त नाही, कारण मुलगा घोड्यावर बसायला गेला नाही. १८९८ साली तो ‘ब्रिटानिया’ या प्रशिक्षण जहाजावर दाखल झाला. वय पंधरा.

पुढची काही वर्षं भराभर: १९०३-०४ ची सोमालीलँडची मोहीम, नंतर ‘ड्रेडनॉट’ या त्या काळाला हादरवून सोडणाऱ्या युद्धनौकेवर नेमणूक, आणि १९१३ मध्ये पोर्ट्समथच्या नेव्हल वॉर कॉलेजात शिक्षण. शेवटची गोष्ट ठळक करायची आहे. त्या काळच्या ब्रिटिश नौदलात स्टाफचं काम, म्हणजे आखणी, हुकूमपत्रं, वेळापत्रकं, हे कारकुनी समजलं जाई. खरा अधिकारी तो, जो जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे हुकूम देण्याच्या मंचावर, उभा राहून जहाज हाकतो. ‘हे काम शिकावं लागतं’ असं मानणारी पिढी नुकती तयार होत होती आणि रॅमसे तिच्यातला एक.

२७ जून

पहिलं महायुद्ध. जटलंडची १९१६ ची मोठी नौदल लढाई या भागात येणारच नाही, हे ठरवलं. पहिलं महायुद्ध आणि ब्रिटिश नौदल म्हटलं की सगळे तिकडेच वळतात, पण रॅमसेचं युद्ध डोव्हरच्या सामुद्रधुनीत गेलं. ऑगस्ट १९१५ मध्ये त्याला पहिलं स्वतःचं जहाज मिळालं: ‘एम २५’. मॉनिटर जातीचं, सुमारे ५४० टनांचं, उथळ पाण्यात शिरता यावं म्हणून सपाट तळाचं आणि त्या मानानं भली मोठी तोफ अंगावर घेतलेलं. काम काय, तर बेल्जियमच्या किनाऱ्यावर जर्मनांच्या बाजूवर मारा करणं आणि ‘डोव्हर पॅट्रोल’ या गस्ती ताफ्याबरोबर गस्त घालणं. दोन वर्षं हेच. वाळूचे दांडे, धुकं, सुरुंग, भरतीचे प्रवाह.

भाच्याला सांगितलं, या नकाशात जहाजं नकोत, पाण्याची खोलीच दाखव. डंकर्कसमोरचे वाळूचे दांडे आत्ताच प्रेक्षकांच्या डोळ्यांत बसले तर पंचवीस वर्षांनंतरचा प्रसंग आपोआप कळेल.

ऑक्टोबर १९१७ मध्ये त्याच्याकडे ‘ब्रोक’ आलं. हे जहाज आधीच गाजलेलं होतं: त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कमांडर इव्हान्सनं रात्रीच्या चकमकीत ते सरळ जर्मन विनाशिकेवर घातलं होतं. नंतर मे १९१८ मध्ये ऑस्टेंडवरच्या दुसऱ्या छाप्यात ‘ब्रोक’ रॅमसेच्या हाताखाली गेलं. बंदराच्या तोंडात ‘विंडिक्टिव्ह’ हे जुनं जहाज बुडवून पाणबुड्यांची वाट अडवायची होती. जहाज बुडवलं गेलं, पण वाट अर्धवटच अडली. माझ्या मते रॅमसेसाठी छाप्याच्या निकालाहून त्या अरुंद पाण्यातली तीन वर्षं मोलाची होती. कुठल्या वाऱ्याला कुठल्या किनाऱ्यावर लाटा उठतात, ओहोटीला कुठला दांडा उघडा पडतो, हे त्याला कागदावरून शिकावं लागलं नाही.

३० जून

छोटी पण मुंबईची गोष्ट. १९१९ मध्ये ॲडमिरल जेलिको ‘न्यूझीलंड’ या युद्धनौकेवरून साम्राज्यातल्या देशांच्या नौदल संरक्षणाची पाहणी करायला निघाले, तेव्हा रॅमसे त्यांच्या स्टाफवर होता. दौऱ्याचा पहिला मोठा मुक्काम हिंदुस्थान. मार्चमध्ये जहाज मुंबईला लागलं. एक पारदर्शिका पुरे.

८ जुलै

आज व्याख्यानाचा कणा सापडला: १९३५ सालचं भांडण.

रॅमसे तोवर रिअर ॲडमिरल झालेला. मधल्या काळात क्रूझर, युद्धनौका, चीनच्या तळावर चीफ ऑफ स्टाफ, इम्पीरियल डिफेन्स कॉलेजात अध्यापन, सगळं झालेलं. १९३५ मध्ये होम फ्लीटचे सरसेनापती ॲडमिरल सर रॉजर बॅकहाउस यांनी त्याला चीफ ऑफ स्टाफ म्हणून नेमलं. दोघांची जुनी मैत्री. बॅकहाउस प्रचंड कष्टाळू, हुशार, सचोटीचे. पण कागद न् कागद स्वतःच्या हातानं निकालात काढणारे. एवढासा निर्णयसुद्धा त्यांच्या टेबलावरून सुटत नसे. चीफ ऑफ स्टाफला करायला काम उरत नव्हतं. रॅमसेचं म्हणणं असं की सेनापतीनं काय साधायचं ते सांगावं, कसं साधायचं ते स्टाफनं मांडावं आणि जहाजांच्या कप्तानांना त्यांच्या अंगणात मोकळं सोडावं. सेनापतीचं डोकं तपशिलात अडकलं तर ऐन वेळी विचार कोण करणार?

काही महिन्यांतच, डिसेंबर १९३५ मध्ये, रॅमसेनं आपल्याला मोकळं करावं अशी विनंती केली आणि पद सोडलं. बढतीच्या शिडीवर एवढ्या वर चढलेल्या माणसासाठी ही जवळजवळ कारकिर्दीची अखेर होती. त्यानंतर त्याला मनाजोगं पद मिळालं नाही. अर्ध्या पगारावर घरी बसणं, आणि १९३८ मध्ये नाव निवृत्त यादीत. वय पंचावन्न. दोन लहान मुलगे, स्कॉटलंडच्या सीमेवरचं घर, बाग, घोडे.

या भांडणात रॅमसेची बाजू घेणं सोपं आहे, कारण पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. तरी मी त्याचीच बाजू घेणार आहे, आणि ती १९४० किंवा १९४४ च्या यशामुळे नाही. ज्या कामावर आपला विश्वास आहे ते करूच दिलं जात नसेल, तर त्या खुर्चीत बसून राहणं त्याला अप्रामाणिकपणाचं वाटलं. त्यानं आरडाओरडा केला नाही, वर्तमानपत्रात गेला नाही. किंमत कळत होती आणि त्यानं ती मोजली. सरकारी नोकरीत उभी हयात काढलेले श्रोते समोर असतील, त्यांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

९ जुलै

बॅकहाउस यांच्याबद्दल एक वाक्य घालायलाच हवं, नाहीतर ते खलनायक ठरतील. १९३८ मध्ये ते फर्स्ट सी लॉर्ड, म्हणजे नौदलाचे सर्वोच्च अधिकारी झाले. काही महिन्यांतच प्रकृती ढासळली आणि जुलै १९३९ मध्ये ते वारले. युद्ध त्यांनी पाहिलंच नाही.

२० जुलै

डोव्हर. ऑगस्ट १९३९ च्या अखेरीस, युद्ध आठवड्यावर आलेलं असताना, निवृत्त रॅमसेला परत बोलावून व्हाइस ॲडमिरल, डोव्हर नेमलं. पहिल्या युद्धातलं तेच पाणी.

मुख्यालय डोव्हरच्या किल्ल्याखाली, पांढऱ्या कड्याच्या पोटात. नेपोलियनच्या काळात सैनिकांसाठी खोदलेले बोगदे तिथे होते. पहिल्या युद्धात त्यांतल्या एका दालनात वीज निर्माण करणारं यंत्र होतं, तोच डायनॅमो. डंकर्कला कोंडलेलं सैन्य परत आणण्याच्या मोहिमेला ‘डायनॅमो’ नाव पडलं ते त्यावरून. बोगद्याच्या तोंडाशी एक सज्जा आहे, तिथून निरभ्र दिवशी फ्रान्सचा किनारा दिसतो.

आज भाच्यानं तीन वाटांचा नकाशा आणला. तो मला फार आवडला. डोव्हर ते डंकर्क सगळ्यात जवळची वाट ‘झेड’, ३९ सागरी मैल, पण कॅलेच्या बाजूनं जाणारी. कॅले २६ मे १९४० ला पडलं आणि तिथल्या जर्मन तोफांखाली ही वाट दिवसा वापरणं अशक्य झालं. दुसरी ‘वाय’, पूर्वेकडून वळसा घालून ८७ मैल. म्हणजे एका फेरीला दुपटीहून जास्त वेळ, आणि तितकाच वेळ विमानांच्या नजरेत. मधली ‘एक्स’, ५५ मैल, पण ती सुरुंगांतून जाते, आधी साफ करावी लागणार. ती साफ केली गेली. या तीन रेघांत अर्धी मोहीम आहे. “मावशी, बोटी किती दाखवू?” “एकही नको. रेघाच राहू देत.”

२३ जुलै

आबांकडे जाऊन आले. आबा मुंबई बंदरात टगवर होते, आता शेजारच्या वाडीत राहतात. त्यांच्यासमोर डंकर्कच्या पूर्वेकडच्या लाटरोधक भिंतीचं चित्र ठेवलं. सुमारे सव्वा किलोमीटर लांब, दगडांच्या रचनेवर लाकडी खांब, वर माणसं दोन-तीनच्या रांगेत जातील एवढी अरुंद फळ्यांची वाट. जहाजं लावण्यासाठी ती बांधलेलीच नव्हती. आबांनी चित्र बराच वेळ पाहिलं. “इथे प्रवाह भिंतीच्या आडवा असणार. जहाज लावताना दोर कुठे टाकणार? आणि ओहोटीला डेक खाली गेला की माणसं उतरणार कशी?” नेमके हेच प्रश्न २७ मेच्या रात्री होते. ओहोटीला शिड्या आणि फळ्या लावून माणसं उतरवावी लागली.

कॅप्टन विल्यम टेनंटला रॅमसेनं किनाऱ्यावरचा वरिष्ठ अधिकारी म्हणून डंकर्कला पाठवलं होतं. आतलं बंदर बॉम्बफेकीनं उद्ध्वस्त, किनाऱ्यावरून छोट्या होड्यांनी माणसं न्यायला अतोनात वेळ लागत होता. टेनंटनं एक प्रवासी बोट, ‘क्वीन ऑफ द चॅनल’, या भिंतीला लावून पाहिली. लागली. साडेनऊशेच्या आसपास माणसं चढली. परतीच्या वाटेवर बॉम्बनं ती बोट बुडाली, माणसं दुसऱ्या जहाजानं उचलली. पण भिंत चालते हे कळलं होतं. डोव्हरला विचारत बसावं लागलं नाही, टेनंटनं ठरवलं आणि रॅमसेनं जहाजं तिकडे वळवली. १९३५ साली जे तो कागदावर मांडत होता ते इथे माणसांच्या जिवावर तपासलं जात होतं.

२५ जुलै

डंकर्कचा आकड्यांचा तक्ता. सगळे दिवस पडद्यावर आणायचे का? हो, आणायचे. एकूण ३,३८,२२६ हा आकडा लोकांनी ऐकलेला असतो, रोजचा आकडा नसतो. २७ मे: ७,६६९. २८ मे: १७,८०४. २९ मे: ४७,३१०. ३० मे: ५३,८२३. ३१ मे: ६८,०१४. १ जून: ६४,४२९. मग २ जूनपासून रोज सव्वीस-सव्वीस हजारांच्या घरात, ४ जूनपर्यंत.

पहिल्या दिवशीचे ७,६६९ पाहा आणि आठवा, की ॲडमिरल्टीची, म्हणजे लंडनमधल्या नौदल मुख्यालयाची, आशा दोन दिवसांत ४५,००० माणसं आणण्याची होती. त्या रात्री बोगद्यात काय वाटलं असेल? नंतर आकडा चढतो तो भिंतीमुळे: जवळजवळ २,३९,००० माणसं बंदरातून आणि भिंतीवरून गेली, किनाऱ्यावरून ९८,००० च्या वर. ‘छोट्या होड्यांनी सैन्य वाचवलं’ ही कथा खोटी नाही, त्या होड्यांवरच्या लोकांचं धैर्य मोठंच, पण बहुसंख्य सैनिक विनाशिका आणि प्रवासी बोटींनी आले. हे स्पष्ट सांगणार.

दोन प्रसंग निवडले. २९ मे: विनाशिका इतक्या बुडाल्या आणि जखमी झाल्या की ॲडमिरल्टीनं नव्या, मोठ्या विनाशिका काढून घेतल्या. रॅमसे फोनवर भांडला, या जहाजांशिवाय आकडा गाठता येणार नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या परत मिळाल्या. आणि १ जून: भर दिवसाच्या विमानहल्ल्यांत ‘कीथ’, ‘बॅसिलिस्क’, ‘हॅवंट’ या तीन ब्रिटिश विनाशिका आणि फ्रेंच ‘फूद्रोयाँ’ एकाच दिवशी गेल्या. त्यानंतर त्यानं दिवसाची वाहतूक थांबवून फक्त रात्री काम चालू ठेवलं. एकदा ‘जहाजं द्याच’ म्हणणारा आणि एकदा ‘आता जहाजं पाठवणार नाही’ म्हणणारा माणूस तोच. दोन्ही वेळा त्याला हिशेब कळत होता.

शेवटच्या रात्री मुख्यतः फ्रेंच सैनिक निघाले. एकूण आकड्यात सुमारे १,४०,००० मित्रसैनिक, बहुतेक फ्रेंच. पिछाडी सांभाळणारे हजारो फ्रेंच मागे राहून कैदेत गेले, हेही त्याच वाक्यात यायला हवं.

२६ जुलै

त्या रात्रींत रॅमसेला मदत करायला स्वतःहून आलेला आणखी एक निवृत्त ॲडमिरल: जेम्स सॉमरव्हिल. क्षयाच्या निदानावरून त्याला घरी बसवलं होतं. रॅमसेला थोडी झोप मिळावी म्हणून तो रात्री त्याच्या जागी बसे. पुढे १९४२ मध्ये हिंदी महासागरातला ईस्टर्न फ्लीट याच सॉमरव्हिलच्या हाती आला. त्याच्यावर पुढच्या वर्षी वेगळं व्याख्यान करावं असं मनात आहे.

१ ऑगस्ट

‘के ६’ दल. डिसेंबर १९३९ मध्ये मुंबईहून निघून मार्सेयला उतरलेल्या हिंदी सैन्याच्या खेचरांच्या तुकड्या, रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या. बर्फात मोटारी अडतात तिथे खेचरं चालतात म्हणून ब्रिटिशांनी त्या मागवल्या होत्या. माणसं बहुतांश पंजाबी मुसलमान. त्यांतले काही डंकर्कहून इंग्लंडला पोहोचले, एक संपूर्ण कंपनी जर्मनांच्या कैदेत गेली, खेचरं मागेच ठेवावी लागली. मराठी माणसांची ही कथा नाही आणि मी ती तशी ओढूनताणून करणार नाही. पण ही माणसं आपल्या मुंबई बंदरातून निघाली होती, आणि डंकर्कच्या प्रचलित चित्रांत ती जवळपास कुठेच नसतात. त्यांना पडद्यावर पूर्ण एक पान.

१७ ऑगस्ट

१९४२-४३ लवकर उरकायचं आहे. उत्तर आफ्रिकेत सैन्य उतरवलं तेव्हा तो ॲडमिरल कनिंगहॅमचा दुय्यम, आखणीचा बहुतेक भार त्याच्यावर. जुलै १९४३ मध्ये सिसिलीवर उतरताना पूर्वेकडच्या ब्रिटिश ताफ्याचा प्रमुख. त्या मोहिमेत रॉयल इंडियन नेव्हीच्या ‘सतलज’ आणि ‘जमना’ या स्लूप नौकाही होत्या. एक गोष्ट मात्र अधोरेखित: एवढी सगळी कामं करताना रॅमसेचं नाव अजून निवृत्त यादीतच होतं. चालू सेवेच्या यादीत ते परत आलं एप्रिल १९४४ मध्ये, नॉर्मंडीच्या सहा आठवडे आधी, आणि लगोलग पूर्ण ॲडमिरलची बढती मिळाली.

६ सप्टेंबर

नेपच्यून. नॉर्मंडीच्या मोहिमेचा समुद्रावरचा भाग. यावर अर्धा तास.

आधी भरती-ओहोटी, कारण भूगोल शिकवताना मी आयुष्यभर जे फळ्यावर काढलं ते इथे इतिहास ठरवतं. तिथे उधाणाला पाणी सहा-सात मीटर चढतं-उतरतं. जर्मनांनी किनाऱ्यावर लोखंडी आणि लाकडी अडथळे रोवले होते, भरतीला ते पाण्याखाली जात. पूर्ण भरतीला उतरावं तर होड्यांचे तळ फाटणार. पूर्ण ओहोटीला उतरावं तर सैनिकांना शेकडो मीटर उघड्या वाळूत गोळ्या खात धावावं लागणार. म्हणून ओहोटी संपून पाणी नुकतं चढू लागलेलं हवं, तेही उजाडल्यावर थोड्याच वेळात, आणि आदल्या रात्री छत्रीधारी सैनिकांसाठी चंद्र हवा. जूनच्या सुरुवातीला हे सगळं जुळणारे दिवस तीन: ५, ६ आणि ७. शिवाय भरती पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते, म्हणून ‘युटा’ आणि ‘ओमाहा’ अशी सांकेतिक नावं दिलेल्या पश्चिमेच्या किनाऱ्यांवर उतरण्याची वेळ साडेसहा, तर पूर्वेच्या ‘सोर्ड’ला ७.२५. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे लढाईची तारीख चंद्रानं दिली.” कोकणातल्या श्रोत्यांना उधाण आणि भांग समजावून सांगायची गरज नाही, हे माझं भाग्य.

९ सप्टेंबर

हुकूमपत्र. याच्याशी झगडत होते, कारण माझा कणा इथे वाकतो असं वाटत होतं. कप्तानांना मोकळं सोडा म्हणणाऱ्या रॅमसेनं नेपच्यूनसाठी शेकडो पानांची हुकूमपत्रं काढली, १० एप्रिल १९४४ ला. कुठल्या ताफ्यानं कुठल्या बंदरातून किती वाजता निघायचं, कुठल्या खुणेच्या बोयापाशी वळायचं, सगळं. अमेरिकन ताफ्याचे प्रमुख रिअर ॲडमिरल कर्क यांनी तक्रारही केली की आमच्याकडे एवढा तपशील वरून येत नाही, ध्येय सांगा, बाकी आम्ही पाहू. म्हणजे १९३५ साली रॅमसे जे बॅकहाउसना म्हणत होता तेच!

मला वाटतं उत्तर जहाजांच्या संख्येत आहे. ६,९३९ जहाजं आणि होड्या: १,२१३ युद्धनौका, ४,१२६ उतरणीच्या नौका, ७३६ साहाय्यक आणि ८६४ व्यापारी जहाजं. ही सगळी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याच्या अनेक बंदरांतून निघून वाइट बेटाच्या दक्षिणेला एका वर्तुळात येणार, ज्याला खलाशी ‘पिकॅडिली सर्कस’ म्हणत, आणि तिथून सुरुंगांतून कापलेल्या दहा वाटांनी, प्रत्येक किनाऱ्याला दोन, एक वेगवान आणि एक संथ, खाली उतरणार. रात्री. दिवे बंद. वायरलेस बंद. अशा वेळी प्रत्येक कप्तानाला मोकळीक देणं म्हणजे टकरींना आमंत्रण. वाटेवरचा प्रत्येक मिनिट आधी ठरलेला असला तरच किनाऱ्यावर पोहोचल्यावर त्या कप्तानाला स्वतःचं डोकं वापरायला जागा उरते. आणि महत्त्वाचं, हे सगळं रॅमसेनं एकट्यानं कागदावर उतरवलं नाही. रिअर ॲडमिरल क्रीझीच्या हाताखालच्या स्टाफनं ते केलं, नेमकं तसंच, जसं त्याला १९३५ मध्ये करू दिलं नव्हतं. टेनंटही पुन्हा त्याच्या हाताखाली होता, कृत्रिम बंदरं ओढून नेण्याचं आणि उभारण्याचं काम त्याच्याकडे.

कर्कचं म्हणणं मी तरीही पूर्ण मांडणार. त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता. श्रोत्यांनी ठरवावं.

१३ सप्टेंबर

सुरुंग काढणारी जहाजं. या कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही म्हणून मीच वाजवणार. ती सगळ्यांच्या पुढे, दोरांना कापण्या लावून ठरावीक वेगानं सरळ रेषेत चालतात. रात्रीत प्रवाहाची दिशा उलटणार हे आधीच ठाऊक, त्यामुळे वाटेतच, अंधारात, मागून हजारो जहाजं येत असताना, दोर एका बाजूनं गुंडाळून दुसऱ्या बाजूनं सोडायचे. ५ जूनच्या संध्याकाळी अमेरिकन ‘ऑस्प्रे’ सुरुंगावर गेलं, नेपच्यूनमधलं पहिलं बुडालेलं जहाज. काही जहाजं तर उजेड असतानाच फ्रान्सच्या किनाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात पोहोचली होती, आणि तरी जर्मन जागे झाले नाहीत.

२१ सप्टेंबर

साउथविक हाउस, पोर्ट्समथजवळचं मोहिमेचं मुख्यालय. भिंतभर लाकडी नकाशा अजून तिथे आहे. चॅड व्हॅली या खेळणी बनवणाऱ्या कंपनीकडून तो करून घेतला. गुप्तता राहावी म्हणून युरोपच्या सगळ्या पश्चिम किनाऱ्याची मागणी नोंदवली आणि भिंतीवर फक्त हवा तो तुकडा बसवला. तो बसवायला आलेल्या दोघा कामगारांना मोहीम सुरू होईपर्यंत तिथेच ठेवून घेतलं, कारण आता त्यांना जागा कळली होती. हे ऐकून भाच्याला पहिल्यांदाच त्या युद्धात रस वाटला.

४ जूनची रात्र. ५ तारीख वादळामुळे आधीच पुढे ढकललेली. हवामानतज्ज्ञ स्टॅगनं ६ तारखेला थोडी उघडीप मिळेल असं सांगितलं. खोलीत सरसेनापती आयसेनहॉवर, भूदलाचे मॉन्टगोमेरी, हवाई दलाचे टेडर आणि ली-मॅलरी, आणि रॅमसे. त्या बैठकीत रॅमसेनं लक्षात आणून दिलं ते असं, की मंगळवारी, म्हणजे ६ तारखेला, जायचं असेल तर कर्कच्या ताफ्याला पुढच्या अर्ध्या तासात हुकूम गेला पाहिजे. जहाजं निघून पुन्हा परत बोलावली, तर इंधन भरून ७ तारखेला तयार होणार नाहीत. सगळी चर्चा या एका वाक्यानं जमिनीवर आली. समोरच्या किनाऱ्याजवळ तळाशी दडून बसलेल्या ‘एक्स २०’ आणि ‘एक्स २३’ या चिमुकल्या पाणबुड्यांना मात्र एक दिवस जास्त, कोंदट हवेत थांबावं लागलं. त्यांचं काम दिवे दाखवून वाट खुणावणं होतं.

६ जूनला जर्मन नौदलाकडून झालेला मोठा घाव एकच म्हणावा असा: टॉर्पेडो बोटींनी नॉर्वेची विनाशिका ‘स्वेन्नर’ बुडवली. किनाऱ्यावर, विशेषतः ‘ओमाहा’वर, माणसं मोठ्या संख्येनं पडली आणि ते सांगताना आवाज खाली यायला हवा. पण समुद्रावरून ती तिथवर पोहोचली, ठरल्या वेळेच्या आसपास.

४ ऑक्टोबर

अँटवर्प. मित्र म्हणतात, हा भाग कापून नॉर्मंडीवर संपव, तिथे टाळ्या मिळतील. नाही कापणार.

४ सप्टेंबर १९४४ ला ब्रिटिश रणगाडे अँटवर्पला पोहोचले, गोदी जवळजवळ शाबूत मिळाली. सैन्याला तेल, दारूगोळा, अन्न अजून नॉर्मंडीपासून ट्रकनं येत होतं, त्यामुळे हे बंदर म्हणजे घबाडच. पण अँटवर्प समुद्रापासून सुमारे ऐंशी किलोमीटर आत, शेल्ट नदीच्या मुखातून जावं लागतं, आणि त्या मुखाचे दोन्ही काठ जर्मनांच्या हाती. रॅमसेनं बंदर हातात येण्याआधीच, ३ सप्टेंबरला, मुख्यालयाला कळवलं होतं की हे बंदर सुरुंगांनी सहज बंद करता येतं, मुख साफ केल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. सेनापतींचं लक्ष मात्र आर्नहेमकडे, ऱ्हाइन ओलांडण्याकडे. ५ ऑक्टोबरच्या बैठकीत त्यानं मॉन्टगोमेरीला समोरासमोर याबद्दल धारेवर धरलं.

मुख मोकळं करायला नोव्हेंबर उजाडला. कॅनडाच्या पहिल्या सैन्यानं चिखलात, पुरात लढून १२,८७३ माणसं गमावली, मृत, जखमी, बेपत्ता मिळून. त्यांतली जवळपास निम्मी कॅनेडियन. १ नोव्हेंबरला वाल्खेरेन बेटावरच्या उतरणीत आधार द्यायला गेलेल्या छोट्या नौकांचं फार मोठं नुकसान झालं. त्यानंतर सुरुंग काढायला आणखी तीन आठवडे. पहिला ताफा अँटवर्पला लागला २८ नोव्हेंबरला, पुढे कॅनडात बांधलेलं ‘फोर्ट कॅटराक्वी’. बंदर मिळाल्यापासून जवळजवळ बारा आठवडे.

हे मला जिव्हारी लागतं. ऐकलं गेलं तेव्हा त्याचं शहाणपण जगाला दिसलं, आणि इथे, जिथे त्याचं म्हणणं बाजूला ठेवलं गेलं, तिथे त्याची किंमत मेलेल्या माणसांत मोजता येते. म्हणून भरतीच्या नकाशाइतकाच मोठा शेल्टचा नकाशा काढायला सांगितला आहे.

१९ ऑक्टोबर

आज आबांसमोर आणि भाच्यासमोर पूर्ण तालीम. वेळ वाढतो. कापलं ते: चीनचा तळ, ‘ड्रेडनॉट’, ऑस्टेंडचा अर्धा भाग. ठेवलं ते: १९३५, सगळंच्या सगळं. आबांनी विचारलं, “त्यानं पत्रं लिहिली असतील ना घरी?” लिहिली. डोव्हरहून पत्नीला, आणि १९४४ मध्ये दैनंदिनीही ठेवली. त्यात रागही आहे, थकवाही. पण मी त्यातली वाक्यं वाचून दाखवणार नाही. माझ्या शब्दांत सांगेन.

२ नोव्हेंबर

शेवटचा भाग लिहून झाला.

२ जानेवारी १९४५. मुख्यालय आता पॅरिसजवळ सँ-जर्मँ-आँ-ले इथे. ब्रसेल्सला मॉन्टगोमेरीबरोबर बैठक होती. तूसू-ल-नोब्ल विमानतळावरून हडसन विमान उडालं आणि लगेच कोसळलं. रॅमसे आणि बरोबरचे सगळे गेले. त्याच्या बासष्टाव्या वाढदिवसाला तीन आठवडेही उरले नव्हते. दफन सँ-जर्मँच्याच दफनभूमीत. डोव्हरच्या किल्ल्यावर त्याचा पुतळा उभा राहिला तो २००० साली.

त्याच्या जागी ॲडमिरल हॅरल्ड बरो आले. ७ मे १९४५ ला रँसमध्ये जर्मनीच्या शरणागतीवर सह्या झाल्या, तेव्हा मित्रराष्ट्रांच्या नौदलाचे प्रमुख म्हणून टेबलाशी तेच बसले होते. भाच्यानं त्या प्रसंगाचा फोटो शोधून ठेवला आहे. तो रॅमसेच्या पानाला लागूनच दाखवायचा, मधे दुसरं काही नको.